आमदारकीचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं

परवा भाचीला घेऊन एसटीनं गावाकडं चाललो होतो तर खिडकीच्या वर आमदारांसाठी राखीव असं काहीतरी रंगवलेलं तिला दिसलं आणि तिनं विचारलं, मामा, आमदार खरंच एसटीनं जातात का? मी हसलो. पुढच्या स्टॉपपर्यंत ती गप्प होती, मग म्हणाली बरं मग आमदार व्हायला काय शिकावं लागतं? बारावीला आहे ती, घरात नीट द्यायची की सीईटी यावरून रोज भांडणं चालू आहेत, त्यामुळं तिला वाटतं जगातल्या प्रत्येक कामाला एक एन्ट्रन्स असतेच.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, एक जण जायचे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. सोलापूर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका, पक्ष शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप, माणूस पेशानं वकील, आणि या माणसाला सांगोल्यानं ११ वेळा आमदार केलं. पहिल्यांदा १९६२ ला आणि शेवटचं २०१४ ला, म्हणजे नेहरू पंतप्रधान होते तेव्हा सुरू झालेलं करिअर मोदी आले तरी चालूच होतं. २०२१ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा वय ९४. हा माणूस अपवाद होता हे मान्यच आहे, पण या नोकरीच्या सगळ्या गमती त्यांच्या हिशोबात सापडतात, म्हणून पुढं मी अधूनमधून सांगोल्याला जाऊन येणार आहे.

आता दुसरा प्रश्न. काय शिकावं लागतं? काहीच नाही. खरंच काही नाही. भारताचं नागरिक असावं, वय २५ पूर्ण असावं, राज्यातल्या कुठल्या तरी मतदारसंघात मतदार यादीत नाव असावं, बस. विधान परिषदेला, म्हणजे वरच्या सभागृहाला, ३० वर्षं लागतात. डिग्रीची अट घटनेत घातलेली नाही, आणि मला विचाराल तर बरोबरच केलंय, कारण १९५० मध्ये डिग्रीची अट घातली असती तर निम्म्याहून जास्त देश बाहेरच उभा राहिला असता. फॉर्म भरताना १० हजार डिपॉझिट, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार, आणि पडलेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं नाही पडली तर ते जप्त. सोबत एक प्रतिज्ञापत्र द्यायचं ज्यात प्रॉपर्टी किती, कर्ज किती, केसेस किती, शिक्षण किती हे सगळं लिहायचं, आणि हे कागद निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतात, एकदा आपल्या आमदाराचं उघडून बघाच, अर्धा तास मजेत जातो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, २०२२ च्या आधी २८ होती. आता गावाकडं राहणाऱ्या कुणालाही हा ४० लाखांचा आकडा सांगितला की तो नुसता तुमच्याकडं बघतो, बोलत काही नाही.

कागदावर हे इतकं सोपं. पण आमदार होतो कोण, तर त्याला वाटा ठरलेल्या आहेत. जुनी वाट खालून वर चढायची. विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच होते, मग पुढं लातूरचे आमदार, मग मुख्यमंत्री. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, ते करून १९९० ला तासगावमधून विधानसभेत गेले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. या वाटेचा फायदा असा की माणूस आमदार होतो तोवर त्याला तलाठी काय करतो, ग्रामसेवक काय करतो, बीडीओला म्हणजे गटविकास अधिकाऱ्याला कुठं गाठायचं, टेंडर कुठं अडतं हे सगळं पाठ झालेलं असतं. दुसरी वाट सहकाराची, म्हणजे साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती. कारखान्याचे सभासद म्हणजे तयार मतदार यादीच. तिसरी मुंबई-ठाण्याकडची, आधी पक्षाची शाखा मग नगरसेवक मग आमदार. आणि चौथी घराण्याची, ती तुम्हाला माहितीच आहे. २०२२ पासून बराच काळ राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले होते, निवडणुकाच झाल्या नाहीत, त्याचं सगळे बोलतात ते नागरी सुविधांबद्दल पण माझ्या मते दुसरं नुकसान असं झालं की या शिडीच्या खालच्या पायऱ्याच गायब झाल्या. ज्याच्या घरी आधीच आमदारकी आहे त्याला काही फरक पडत नाही. ज्यानं सरपंचकीपासून सुरुवात केली होती तो पोरगा मात्र झेडपीची वाट बघत बसला.

भाचीनं मध्येच विचारलं की बायका किती असतात. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ निवडून आल्या. त्याच्या आधी २०१९ ला २४ होत्या, म्हणजे आकडा उलटा चाललाय. एक तृतीयांश जागा राखीव ठेवायची घटनादुरुस्ती २०२३ ला झालेली आहे पण ती लागू होणार जनगणना आणि मग मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. बारावीच्या पोरीला हे सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

बरं. समजा निवडून आलात. आता काम काय?

घटनेप्रमाणं काम तीन गोष्टींचं आहे. कायदे करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं, आणि सरकारला प्रश्न विचारत राहणं. यासाठी वर्षाला तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. नागपूरला का तर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला तसा शब्द दिला होता म्हणून, आता लोक त्याला हुरडा पार्टी अधिवेशन म्हणतात ते सोडा. दोन अधिवेशनांत ६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये एवढंच घटना म्हणते, किती दिवस बसायचं ते म्हणत नाही, त्यामुळं तिन्ही मिळून प्रत्यक्ष बैठकीचे दिवस मोजले तर दोन महिन्यांच्या आतच संपतात.

त्या दिवसांत आमदाराच्या हातात जी हत्यारं असतात ती मला फार आवडतात, कारण नावंच इतकी चांगली आहेत. सकाळी पहिला तास प्रश्नोत्तराचा. ज्या प्रश्नावर तारा असतो तो तारांकित, त्याला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि खरी गंमत त्यानंतरच्या उपप्रश्नात असते, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर खात्यानं आधीच लिहून दिलेलं असतं पण उपप्रश्न काय येईल ते मंत्र्याला माहीत नसतं. जो आमदार तयारी करून आलाय तो इथंच मंत्र्याला घाम फोडतो. बिनताऱ्याचा तो अतारांकित, त्याचं उत्तर नुसतं लेखी. मग लक्षवेधी सूचना, म्हणजे एखादी तातडीची गोष्ट आहे, तिच्याकडं मंत्र्याचं लक्ष वेधायचं आणि त्यानं निवेदन करायचं. विधानभवनाच्या लॉबीत आमदार एकमेकांना विचारतात ना, तुझी लक्षवेधी लागली का, ते हेच. सूचना शेकड्यांनी येतात, लागतात मोजक्या. मग औचित्याचा मुद्दा आहे, अर्धा तास चर्चा आहे, पुरवणी मागण्या म्हणजे बजेटच्या वरच्या जादा खर्चाच्या मागण्या आहेत ज्यावर बोलायच्या नावाखाली आपल्या तालुक्यातल्या पुलाबद्दल बोलून घेता येतं, आणि सरकारला खिंडीत गाठायचं असेल तर स्थगन प्रस्ताव, म्हणजे बाकी सगळं कामकाज बाजूला ठेवा आणि आधी यावर बोला.

मंत्री सभागृहात "करतो" म्हणाला तर ते हवेत जात नाही, ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती नावाची एक समिती त्याच्या मागं लागते. समित्या हा आमदारकीचा सगळ्यात न दिसणारा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग आहे. लोकलेखा समिती कॅगचे, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचे, अहवाल घेऊन सचिवांना समोर बसवून विचारते की हे पैसे कुठं गेले. पंचायत राज समिती जिल्हा परिषदांना भेटी देते, आणि ज्यांच्या घरात कुणी झेडपीत नोकरीला आहे त्यांना विचारा, "पीआरसी येणार" म्हटल्यावर ऑफिसात काय धावपळ उडते, पंधरा वर्षांपूर्वीच्या फायली निघतात, शाळांना रंग लागतो. टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही कारण तिथं पायऱ्यांवरचं फलक घेऊन केलेलं आंदोलन दिसतं, ते ५ मिनिटांत शूट होतं.

सभागृहात आमदार जे बोलतो त्यासाठी त्याला कोर्टात खेचता येत नाही, हे संरक्षण घटनेनं दिलंय. आधी त्याचा अर्थ इतका ताणला गेला होता की पैसे घेऊन मत दिलं तरी ते त्यात बसायचं, १९९८ चा तसा निकालच होता. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ७ न्यायाधीशांनी तो बदलला, आता लाच ती लाच.

हे झालं घटनेतलं काम. आता खरं काम ऐका.

आमच्या एका काकांनी आयुष्यात एकदाच आमदाराकडं काम नेलं होतं, मुलीच्या बदलीचं. सकाळी ६ ला निघाले, ८ ला बंगल्यावर, बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर तीसेक माणसं. एकाचा डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, आठ दिवस गाव अंधारात आणि मोटारी बंद. एकाचं पोरगं पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय. एकीला नवऱ्यासाठी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये बेड पाहिजे. एकाला लग्नाला यायचं आमंत्रण द्यायचंय आणि तो तारीख साहेबांना विचारून धरणार आहे. पीए प्रत्येकाचं ऐकून लेटरहेडवर शिफारसपत्र टाइप करत होता, साहेब सह्या करत होते आणि एका बाजूला फोन चालूच. काकांना पत्र मिळालं. बदली झाली नाही, पण काका आजही सांगतात की साहेबांनी चहा पाजला आणि पाठीवर हात ठेवला. मत? मत त्यांनाच, अजून.

यातलं एकही काम आमदाराचं नाही हे लक्षात घ्या. डीपी महावितरणचा, पोलीस गृह खात्याचे, बेड हॉस्पिटलचा, बदली शिक्षण विभागाची. पण सामान्य माणसाच्या दृष्टीनं सरकार म्हणजे वीस खिडक्या आहेत आणि कुठली खिडकी कधी उघडी असते ते त्याला माहीत नाही, आमदार ही एकच अशी खिडकी आहे की जिथलं माणूस दर पाच वर्षांनी आपल्याकडं हात जोडून येतं. म्हणून सगळं तिथंच जातं. राज्यात साधारण सव्वातीन-साडेतीन लाख मतदारांमागं एक आमदार पडतो. त्यातली सरसकट माणसं नाहीत तरी काही हजार माणसं वर्षभरात काही ना काही घेऊन येतात, वर लग्नं, बारशी, दहावे, जत्रा, कीर्तन सप्ताह, क्रिकेटच्या मॅचेस. लग्नसराईत एका दिवसात पंधरा-वीस मांडव करणारे आमदार आहेत, अक्षता टाकायच्या, वधूपित्याला नमस्कार, फोटो, पुढचा मांडव. आणि दहाव्याला गेला नाही तर लोक लग्न विसरतात, दहावा विसरत नाहीत.

मग निधी. आमदाराला स्थानिक विकास निधी असतो, आता वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा वाटतो आणि लोकांचा असाही समज आहे की हे पैसे आमदाराच्या खात्यात जमा होतात. तसं नाही. आमदार फक्त काम सुचवतो, पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातात. आणि हिशोब करून बघा, मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावाला वर्षाला ५ लाख आले, त्यात एक सभामंडप होतो किंवा थोडा सिमेंट रस्ता. म्हणून सभामंडपावर "आमदार निधीतून" ही पाटी कधीकधी सभामंडपापेक्षा भारी दिसते. खरे मोठे पैसे राज्याच्या बजेटमधून, रस्त्यांच्या खात्यातून, जलसंपदातून येतात आणि ते आणायचे तर सत्तेच्या जवळ असावं लागतं, इथून पुढची सगळी पक्षांतरं आणि नाराजी समजून घ्यायची असेल तर ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी पुरे.

म्हणजे झालंय काय बघा, ज्या कामासाठी आमदाराला निवडलंय त्याचा मतदार कधी हिशोब मागत नाही, आणि ज्याचा हिशोब मागतो ते काम त्याचं नाहीच. दर पाच वर्षांनी इंटरव्ह्यू होतो, तीन लाख माणसं घेतात, आणि लक्षवेधी किती लावल्या, बिलावर किती बोललात, समितीच्या बैठकीला किती वेळा गेलात हे त्यात कुणी विचारत नाही. जो आमदार अभ्यास करून सभागृहात तीन तास बसतो तो त्या तीन तासांत तीन मांडव बुडवत असतो. तरी काही लोक बसतात. का बसत असतील याचं एक उत्तर तुमच्या पगाराच्या स्लिपवर आहे.

नोकरी करत असाल तर दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली बसला तो कशासाठी माहितीये का, रोजगार हमी योजनेसाठी. आणि रोजगार हमीची कल्पना कुठल्या मंत्र्याची किंवा दिल्लीतल्या तज्ज्ञाची नव्हती. वि. स. पागे म्हणून विधान परिषदेचे सभापती होते, १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे हातात ना खातं ना बजेट. त्यांनी मांडलं की ज्याला अंगमेहनतीचं काम पाहिजे त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे, मेहेरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूरला १९६९ च्या सुमारास त्याचा प्रयोग झाला, मग १९७२ चा भयानक दुष्काळ पडला आणि लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला आली, आणि कल्पना कागदावरून रानात उतरली. १९७७ ला त्याचा कायदा झाला. पैसे कुठनं आणायचे तर शहरातल्या पगारदारानं थोडे द्यायचे, गावातल्या बिनपगारी माणसाला काम मिळायचं. २००५ ला केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होताच. एका आमदाराच्या डोक्यातली गोष्ट, पन्नास वर्षांनी अजून तुमच्या स्लिपवर. दोनशे रुपये कापले म्हणून मी पण कुरकुरायचो, हे कळल्यावर कुरकुर थोडी कमी केली, बंद नाही केली.

बढतीचं काय? तिथं फार अडचण आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, २८८ चे १५ टक्के म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. सत्ताधारी बाजूला दोनशेच्या वर आमदार असले तरी लाल दिव्याची (आता दिवा गेला, शब्द राहिला) संधी ४३ जणांनाच, उरलेल्यांना महामंडळ, समिती नाहीतर "पुढच्या विस्तारात बघू". या पुढच्या विस्तारावर महाराष्ट्रातल्या कितीतरी आमदारांनी अख्खी टर्म काढलीय, शिवून ठेवलेला कोट तसाच कपाटात. विरोधात असाल तर विरोधी पक्षनेता हे एक पद आहे, त्याला मंत्र्याचा दर्जा, पण त्यासाठी एकूण जागांच्या १० टक्के म्हणजे २९ आमदार एका पक्षाचे असावेत असा संकेत धरला जातो, आणि २०२४ ला विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाला २० मिळाले. हा संकेत आहे, कायदा नाही, म्हणून त्यावरून वादही झाला.

पक्ष बदलून बढती मिळते का? इथं पक्षांतरबंदी कायदा येतो, १९८५ चा. पक्ष सोडला किंवा पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कुठं द्यायचं या आदेशाविरुद्ध, मत दिलं तर आमदारकी जाते. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर सूट होती, २००३ ला ती काढली, आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल तरच सूट. पण निकाल देतो कोण तर विधानसभा अध्यक्ष, आणि अध्यक्ष स्वतः कुठल्या तरी पक्षाचाच निवडून आलेला असतो. २०२२ ला शिवसेनेत फूट पडली, ते सुरत-गुवाहाटी सगळ्यांना पाठ आहे. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की व्हिप काढणारा प्रतोद राजकीय पक्षानं नेमायचा, नुसत्या आमदारांच्या गटानं नाही, पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडंच सोपवला. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल दिला आणि दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही. टर्मच त्या वर्षी संपली. कायदा आमदाराला बांधून ठेवण्यासाठी केला होता, झालं असं की एकटा आमदार बांधला गेला, तो आता मनाला पटत नसेल तरी पक्षाविरुद्ध मत देऊ शकत नाही, आणि चाळीस जण एकदम निघाले तर त्यांचं काय करायचं याला उत्तर सापडेपर्यंत निवडणूक येते. हे माझं मत आहे, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

अध्यक्षांना सदस्य निलंबित करता येतात, त्यालाही मर्यादा आहे. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांना सभागृहानं एक वर्षासाठी बाहेर काढलं होतं, जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, का तर इतका काळ मतदारसंघाला आमदारच नाही म्हणजे शिक्षा मतदारांनाच झाली.

आणि मग पडणं. हा भाग करिअर गाइडन्समध्ये कुणी सांगत नाही. गणपतराव १९७२ ला पडले, दोन वर्षांनी १९७४ ला पोटनिवडणूक लागली तेव्हा परत आले. मग १९७८, ८०, ८५, ९० सलग. १९९५ ला पुन्हा पडले, फक्त १९२ मतांनी, शहाजीबापू पाटलांकडून. तीस वर्षांहून जास्त तालुक्यासाठी घालवल्यावर १९२ मतं म्हणजे दोन मोठ्या भावक्या. त्यानंतर माणूस घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती, वय साठीच्या पुढं गेलेलं. ते १९९९ ला परत आले आणि मग २०१४ पर्यंत हरलेच नाहीत. एवढ्या काळात मंत्री किती वेळा? दोनदा, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ ला, बाकी बहुतेक सगळा जन्म विरोधी बाकावर. मग सांगोल्याला मिळालं काय, तर कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांसाठी आटपाडीच्या पाणी परिषदांपासून विधानसभेपर्यंत धरलेला धोशा, तालुक्यात उभी केलेली आणि चालवून दाखवलेली सूतगिरणी, आणि कुणाही माणसाला थेट भेटता येईल असा आमदार. लग्नांना जात नव्हते असं नाही, जायचेच. पण पाण्याचा प्रश्न एका अधिवेशनात सुटला नाही तर पुढच्यात, त्यात नाही तर त्याच्या पुढच्यात, असं करत काही दशकं तेच विचारत राहणं, हे करायला मंत्रिपद लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो मिळायला पुन्हा पुन्हा निवडून यावं लागतं, म्हणजे परत मांडव आणि दहावे आलेच.

पडलेल्या आमदारासाठी आणखी एक दार आहे, विधान परिषद. ७८ जागा, त्यातल्या ३० आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या सदस्यांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी, १२ राज्यपालांनी नेमायच्या, साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवेतल्या. मुळात कल्पना अशी की गरम डोक्यानं केलेलं बिल इथं थंड व्हावं. परिषद बिल कायमचं अडवू शकत नाही, थोडे महिने लांबवू शकते, पैशाचं बिल तर १४ दिवसच. आता पक्षात तिला सरळ पुनर्वसन म्हणतात, धरणग्रस्तांसारखं. पण पागेसाहेब त्याच सभागृहातले होते हे पण विसरू नये.

पैशाचं सांगायचं तर पगार चांगला आहे, २०१६ पासून तो प्रधान सचिवाच्या मूळ पगाराशी जोडलाय, वर भत्ते, एसटी फुकट, मुंबईत आमदार निवासात खोली. एक टर्म केली तरी महिना ५० हजार पेन्शन, पुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जादा. यावर लोक चिडतात, आणि चिडायला जागा आहे, त्यांची स्वतःची पेन्शन गेलेली असते. पण आमदार परिस्थितीनं गरीब असेल आणि पगार पण नसेल तर मग त्याला कोण पोसणार आणि कशाच्या बदल्यात, हा प्रश्न मी दर वेळी चिडणाऱ्याला विचारतो, उत्तर येत नाही, चहा येतो.

भाची म्हणाली, म्हणजे नोकरी बेभरवशाचीच. मी म्हटलं सांगोल्याचं पुढचं ऐक. २०१९ ला गणपतरावांनी वयामुळं थांबायचं ठरवलं आणि नातू अनिकेत उभे राहिले. समोर तेच शहाजीबापू, १९९५ वाले, आता शिवसेनेत. ११ वेळा निवडून आलेल्या आजोबांचा नातू ७६८ मतांनी पडला. शहाजीबापू म्हणजे तेच, गुवाहाटीहून "काय झाडी, काय डोंगार" फोनवर सांगणारे, त्या एका क्लिपनं त्यांची जेवढी ओळख झाली तेवढी इतक्या वर्षांच्या राजकारणानं झाली नव्हती. क्लिप सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली, रिंगटोन झाली, टी-शर्टवर छापली. २०२४ ला सांगोल्यात पुन्हा मतदान झालं. शहाजीबापू पडले आणि गणपतरावांचे दुसरे नातू, डॉक्टर बाबासाहेब देशमुख, त्याच शेकापकडून आमदार झाले.

"मग ते जातात का एसटीनं?" तिनं विचारलं. तेवढ्यात आमचा फाटा आला, कंडक्टरनं बेल मारली आणि आम्ही पिशव्या घेऊन उतरलो.